चार इंच वर

कंपाउंडरची बायको वारल्याचं गल्लीत कळलं, त्याच दिवशी दुपारी गवंड्याचा निरोप आला, "स्वयंपाकाचा ओटा तयार आहे. बघून घ्या."

कंपाउंडरने तो दहा दिवसांनी बघितला. हा माणूस आयुष्यभर दवाखान्यात औषध थेंबाथेंबाने मोजत आला होता. त्याने बायकोची शिवणकामाची टेप लावली. गवंड्याशी केलेल्या लेखी करारात उंची तीस इंच होती, ओटा चौतीस भरला.

बायको बुटकी होती. जुन्या उंच ओट्यापाशी सव्वीस वर्षं तिने स्टुलावर उभं राहून स्वयंपाक केला. आजारपणात तिचा एकच हट्ट होता, "घरी आले की जमिनीवर उभी राहून भाजी फोडणीला टाकणार." करारही तिनेच लिहून घेतला होता.

"फरशी चार इंच वर येईल असं धरून बांधलाय, काका," गवंडी म्हणाला.

"फरशी बदलायचं कधी ठरलं?"

"आज ना उद्या बदलालच की! आणि राग मानू नका, पण आता खाली करायचा तो कोणासाठी?"

"लिहिलंय म्हणून."

वाद झाल्यास शेजारचे निवृत्त हेडसर लवाद, असंही करारात होतं. पुढे तिच्याच अक्षरात एक ओळ होती : 'त्यांनी फक्त ओट्याच्या उंचीबद्दल बोलावं.' ती हेडसरांना ओळखून होती.

हेडसर आले, चहा प्यायले आणि सगळं घर हिंडले. ओट्याजवळ मात्र गेले नाहीत. आठवड्याने चार पानी निवाडा आला. गवंड्याने घरभर नवी फरशी घालून जमीन चार इंच वर घ्यावी. दारं खालून कापावीत. काम संपेपर्यंत कंपाउंडरने बहिणीकडे जेवावं. आणि स्टूल गवंड्याला कामासाठी देऊन टाकावं, कारण वापरणारी व्यक्ती हयात नाही.

"सर, मी फक्त ओट्याचं विचारलं होतं."

"अरे, तू विचारलंस तेवढंच सांगायला मी काय टेप आहे? मुळापासून सोडवलंय. स्टूल कधी पाठवतोस?"

घरभर फरशी, दारं, बहिणीकडचं जेवण, सगळं कंपाउंडरने एक वेळ ऐकून घेतलं असतं. स्टुलाच्या ओळीवर तो उठला आणि थेट कोर्टात गेला. तारखांवर तारखा पडत अडीच वर्षं गेली. स्टूल त्याने कपाटात कुलूप लावून ठेवलं.

शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, "लवादाला विचारलं काय होतं?"

"ओट्याची उंची, साहेब."

"आणि त्यांनी दिलं काय?"

"घरभर फरशी."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "लवादाला अधिकार करारातून मिळतो. करारानं त्यांना ओटा दिला, त्यांनी घर घेतलं. निवाडा रद्द."

कंपाउंडरने हात जोडले. "म्हणजे ओटा खाली करायचा ना?"

"ते आम्ही नाही सांगू शकत. तो प्रश्न लवादाचा. त्यांनी मर्यादा ओलांडली का, एवढंच आम्ही बघायचं. ती आम्हीच ओलांडली तर त्यांच्यात आणि आमच्यात फरक काय?"

"मग मी जाऊ कुठे?"

"दोघं मिळून नवा लवाद नेमा."

बाहेर पायऱ्यांवर गवंडी वाटच बघत होता. "काका, माझा मेव्हणा चालेल?"

"माझी बहीण चालेल?"

"ती तुम्हाला जेवायला घालते!"

घरी येऊन कंपाउंडरने स्टूल कपाटातून काढून ओट्यापाशी, त्याच्या जागी ठेवलं. मग भात लावला. चौतीस इंच त्याच्या उंचीला अगदी बरोबर होते. अडीच वर्षं तिथे रांधून त्याची कंबर एकदाही दुखली नव्हती. हे त्याने कोर्टात सांगितलं नाही, गवंड्यालाही नाही. भाजी मात्र तो खाली जमिनीवर बसूनच चिरतो; ओट्यावरची भाजी तिची होती.

दोघांना चालेल असा माणूस अजून मिळालेला नाही. ओटा चार इंच खाली करायचा राहिला आहे.