पहिली फ्रेम वाया जाते

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मी नाही. शैलाही नाही. आहे तो पांडवलेण्यांचा डोंगर; सकाळचा, दुपारचा आणि वरातीच्या वेळचा. एका फोटोत मांडवाची झालर दिसते, तीही वर ढग चांगला आला होता म्हणून. अल्बम बघणाऱ्या पाहुण्यांना मी अजूनही समजावतो, "हा डोंगर दिसतोय ना, त्याच्या बरोबर समोर, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे, आमची सप्तपदी चालली होती."

फोटो काढणारे म्हणजे माझे साडू, वसंतराव. शैलाची थोरली बहीण कुसुमताई, तिचे यजमान. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. लग्नाआधी त्यांनी आपणहून सासऱ्यांना सांगितलं होतं, "फोटोग्राफर कशाला? मी आहे ना." आणि ते होते, यात काही खोट नाही. पुढे अल्बम हातात ठेवून ते मला म्हणाले, "मधुकर, तुझं तोंड तू रोज आरशात बघतोस. हा उजेड पुन्हा बघायला मिळणार नाही."

निसर्गाला माणसाची गरज नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं वाक्य त्याहून छोटं होतं : "फ्रेमच्या बाहेर." हे ते कुणालाही म्हणत. गंगापूर धरणावर म्हशी धुणाऱ्याला, त्र्यंबकच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना, एकदा तर आमच्याच सासऱ्यांना. सासरे बिचारे दचकून इतके मागे सरकले की धोतरासकट पाटात उतरले. वसंतरावांनी तेव्हाही मागे वळून बघितलं नाही. उजेड पळत होता म्हणे.

सत्तरच्या दशकात नाशकात फोटोचं सामान मिळायची मारामार. त्यांना सिनेमाच्या फिल्मचे उरलेले तुकडे मुंबईहून कुणीतरी आणून देई. ते कापून जुन्या डब्यांत भरायचं काम मिट्ट अंधारात करावं लागतं, म्हणून वसंतराव भर दुपारी दोन गोधड्यांखाली शिरत. बाहेरून नुसती एक टेकडी हलताना दिसायची आणि आतून कण्हल्यासारखा आवाज. एकदा मी सहज गेलो आणि गाद्या रचून ठेवल्यात असं समजून त्या टेकडीवर बसलो. आतून आवाज आला, "मधुकर, ऊठ. पण हळू ऊठ, फिल्म माझ्या दातात आहे."

फोटो धुण्यासाठी त्यांची न्हाणी होती. दाराला घोंगडं, खिडकीला काळा कागद, आत लाल दिवा. त्यामुळे रविवारी त्यांच्या घरी पाहुणा गेला तर तो बिनअंघोळीचा परत येई. मी स्वतः एकदा खांद्यावर टॉवेल टाकून तासभर बाहेर उभा होतो. शेवटी दार उघडलं आणि बादलीत अंजनेरीचा डोंगर तरंगत होता.

आणि मग ती साडी. उजेड मोजायचा एक मीटर त्यांच्याकडे होता, काडेपेटीएवढा. तो धड काळ्या नाही, धड पांढऱ्या नाही अशा राखाडी रंगासमोर धरून उजेड मोजावा, असं त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं. तसला राखाडी पुठ्ठा विलायतेत मिळायचा. नाशकात मिळत नव्हता. नाशकात साडी मिळत होती.

दिवाळीच्या खरेदीला आम्ही चौघं मेनरोडवरच्या दुकानात गेलो. कुसुमताईंचा हात एका डाळिंबी साडीवरून फिरत होता. वसंतरावांनी खिशातून मीटर काढला आणि एकेक साडी तपासायला लागले. दुकानदार घाबरला. "साहेब, रंग पक्का आहे सगळ्यांचा."

"पक्का असू दे. उजेड किती परत फेकतो ते बघतोय."

डाळिंबी नापास झाली. हिरवी, मोरपंखी, सगळ्या नापास. शेवटी फळीच्या अगदी वरून, धुळीतून, एक राखाडी साडी खाली आली आणि वसंतरावांचा चेहरा उजळला. दुकानदाराने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "यांच्या घरात काही झालंय का?"

तेव्हापासून प्रत्येक सहलीला कुसुमताई तीच साडी नेसून यायच्या. वसंतराव नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे मीटर त्यांच्या पदरासमोर धरत, एक आकडा पुटपुटत आणि म्हणत, "झालं. कुसुम, फ्रेमच्या बाहेर." की त्या जाऊन जेवणाचा डबा उघडत. शैलाचा जीव तुटायचा. "बघा ना, एवढी वर्षं रानोमाळ नेतात आणि ताईचा एक फोटो नाही काढला." मी होकार भरायचो, कारण माझ्याकडे कॅमेरा नव्हता म्हणून माझ्यावर कसला आरोप नव्हता.

नव्हता म्हणजे, एकदा त्यांनी मला त्यांचा जुना कॅमेरा दिला होता. सासुरवाडीच्या मंडळींना घेऊन मी त्र्यंबकेश्वरला गेलो, झाडून सगळ्यांचे फोटो काढले, सगळ्यांना हसायला लावलं. फिल्म आत अडकवलीच गेली नव्हती. ती डब्यातच झोपून राहिली. तेव्हापासून चारचौघांत वसंतराव मला विचारत, "मधुकर, फिल्म पुढे ओढताना रिळाची चावी फिरते का, ते बघतोस ना?" मी बघायचो. कॅमेरा हातात नसतानाही बघायचो.

गावातल्या हौशी फोटोग्राफरांच्या मंडळाचं दर हिवाळ्यात प्रदर्शन भरे. निसर्गचित्रांच्या विभागात वसंतरावांना दर वर्षी उत्तेजनार्थ मिळे. एवढं उत्तेजन मिळालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्या वर्षी, आम्ही इंदिरानगरात नवीन घरात राहायला गेलो होतो तेव्हा, ते येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "यंदा पहिला नंबर नाही आला तर कॅमेरा विकून टाकणार. पुरे झालं."

मी हसलो. कुसुमताई हसल्या नाहीत. आत शैलाला म्हणाल्या, "ते खरंच विकतील गं. त्यांना खोटं बोलता येत नाही. मग आमच्या रविवारांचं काय करायचं?"

तोवर आम्ही समजत होतो की त्या बिचाऱ्या फरपटत जातात.

शेवटचा प्रयत्न म्हणून निफाड ठरलं. शैलाचे चुलतमामा, दामूमामा, यांची तिथे द्राक्षाची बाग होती. निफाडचा डिसेंबर म्हणजे काय, हे मी दोन स्वेटर आणि शैलाची शाल पांघरून अनुभवलं. उजाडताना बागेत गेलो तेव्हा द्राक्षांना गारठा लागू नये म्हणून मामांनी उसाचं पाचट जाळून धूर केला होता. तो धूर आणि धुकं एकमेकांत मिसळून वेलींच्या मांडवाखाली पसरलं होतं. मामा नवा कोट घालून, फेटा बांधून तयार.

"लय गारठा हाय, जावईबापू. पहिला माझा फोटो काढा, मंग बागेचा."

"मामा, फ्रेमच्या बाहेर. निसर्गाला माणसाची गरज नाही."

"मंग द्राक्षं कोन लावतं? निसर्ग?"

वसंतरावांनी मामांकडे पाठ फिरवून कॅमेऱ्यात नवं रीळ भरलं. रीळ भरलं की सुरुवातीची फिल्म उजेडाने जळलेली असते. तेवढी पुढे सरकवायला कॅमेरा कुठेतरी करून एकदा चाप दाबायचा, ती पहिली फ्रेम वाया जाते, हे मीही आता शिकलो होतो. त्यांनी दाबला. मग लांब मांडवाच्या टोकाशी उभ्या असलेल्या कुसुमताईंपाशी जाऊन मीटर धरला, आकडा पुटपुटले, त्यांना बाहेर काढलं. तेवढ्यात सूर्य वर आला आणि धुक्यातून उजेडाच्या पट्ट्या खाली उतरल्या.

वसंतराव मग माणूस राहिले नाहीत. पाटात उभे राहिले, बैलगाडीच्या जुवावर चढले, ओल्या मातीत पालथे पडले. रीळ संपलं तेव्हा गुडघ्यापासून हनुवटीपर्यंत चिखल होता. "मिळालं, मधुकर. एवढ्या वर्षांनी मिळालं." परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीची जागा कुसुमताईंना दिली. बसमधला उजेड त्यांनी कधी कुणाला सोडला नव्हता, यावरून ओळखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शनासाठी फोटो द्यायचे होते. दुपारी घरी पोचताच ते न्हाणीत शिरले आणि मदतीला मला आत घेतलं. मदत म्हणजे एका कोपऱ्यात हात बांधून उभं राहायचं. थोड्या वेळाने त्यांनी ओली फिल्म दिव्यासमोर धरली आणि तशीच धरून राहिले.

फिल्म कोरी होती. सुरुवातीला एक अर्धवट चित्र, त्याच्यापुढे एक काळा ठिक्कर चौकोन, आणि मग पार शेवटपर्यंत काही नाही.

"कडेची भोकं फाटली," ते म्हणाले. "पहिल्यानंतर एकदा सरकली आणि तिथेच अडकली. सगळे फोटो एकावर एक पडले. अख्खं निफाड या एका चौकोनात आहे."

चावी फिरत नव्हती आणि त्यांनी बघितलं नव्हतं. लाल उजेडातही माझा चेहरा काहीतरी बोलला असावा, कारण ते म्हणाले, "बोल, बोलून घे."

खरं सांगतो, एवढी वर्षं त्या क्षणाची वाट बघितली होती आणि तो आला तेव्हा बोलावंसं वाटलं नाही.

दाराबाहेरून कुसुमताईंचा आवाज आला. "काय झालं?"

"सगळं गेलं. एक वाया गेलेली फ्रेम आहे फक्त."

बाहेरून कुसुमताई म्हणाल्या, "एक तर एक. छापून तर बघा."

फिल्म वाळल्यावर त्यांनी त्या फ्रेममधून कागदावर उजेड पाडला आणि तो कागद औषधात बुडवला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. आधी मांडवाचे खांब आले. मग धुकं. मग त्या धुक्याच्याच रंगाची, डोक्यावरून पदर घेतलेली, गारठलेल्या हातांच्या ओंजळीत फुंकर मारणारी एक बाई, अगदी लहानशी. डावीकडे फिल्म जळाली होती, तिथे कागद पांढराशुभ्र राहिला होता, आणि ती पांढरी धग खांबाखांबांतून पाझरत तिच्यापर्यंत येत होती. खऱ्या सूर्याला जमलं नसतं इतकं ते सकाळसारखं दिसत होतं.

"वसंतराव," मी म्हणालो, "पण यात माणूस आहे."

"माणूस कुठेय?" ते म्हणाले. "कुसुम आहे."

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. पुण्याहून आलेले म्हातारे परीक्षक सगळ्या भिंती फिरून आले आणि पुन्हा त्या फोटोपाशी जाऊन थांबले. "हा डावीकडचा उजेड कसा साधलात?"

"साधला नाही. जळलंय ते," वसंतराव म्हणाले. खोटं बोलता येत नाही ते असं.

परीक्षक हसले. पण मंडळाचे चिटणीस पुढे झाले. यात व्यक्ती आहे, तेव्हा हा फोटो निसर्गचित्रांत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांचं चुकत नव्हतं. हा आग्रह मंडळात मुळात वसंतरावांनीच धरला होता. आता हे मान खाली घालून फोटो उतरवणार, असं मला वाटलं. कुसुमताईंनी शैलाचा हात धरला.

वसंतराव फोटोजवळ गेले आणि त्यांनी त्या लहानशा आकृतीवर अंगठा ठेवून ती झाकली. "आता बघा," ते म्हणाले. "काय राहिलं? नुसता धूर." मग अंगठा काढला. "आता बघा."

सगळ्यांनी बघितलं. चिटणीसही चष्मा पुसून वाकले. "ठेवा," परीक्षक म्हणाले, "आणि त्या काचेवरचा अंगठ्याचा ठसा पुसू नका."

पहिला नंबर आला. टाळ्यांमध्ये सगळ्यांत मोठ्या टाळ्या दामूमामांच्या होत्या. ते खास निफाडहून नवा कोट घालून आले होते आणि भेटेल त्याला सांगत होते, "धूर माझा हाय."

त्या संध्याकाळी वसंतरावांच्या घरी पेढे खाताना शैलाने विचारलं, "दाजी, पण मुळात तो फोटो काढलाच कशाला?"

"काढला नाही. पहिली फ्रेम अशीही वाया जाते. कॅमेऱ्याचं तोंड कुठेतरी करावंच लागतं."

कुसुमताई आत गेल्या आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आल्या. वसंतराव खुर्चीत सावरून बसले. डब्यात फिल्मचे कापलेले तुकडे होते, प्रत्येक रिळाच्या सुरुवातीचे, जे लोक फेकून देतात ते. मी एकेक दिव्यासमोर धरत गेलो. धरणावर कुसुमताई. अंजनेरीच्या पायऱ्यांवर कुसुमताई. डबा उघडताना, चप्पल झटकताना, उन्हात डोळे बारीक करून. सगळ्या अर्ध्या जळलेल्या. एका तुकड्यात त्या पैठणीत होत्या आणि त्यांच्या कडेला, जळता जळता वाचलेला, मुंडावळ्या लटकलेला एक कान होता. तो माझा. माझ्या लग्नातला माझा तेवढा एकच फोटो उपलब्ध आहे.

"तुला हा डबा कधी सापडला?" वसंतरावांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"डबा राहू द्या," कुसुमताई म्हणाल्या. "रीळ भरलं की पहिला चाप माझ्यावर वाजतो, हे मला ठाऊक नाही का? दर वेळी पदर कशाला सारखा करते मी?"

पुढच्या रविवारी आम्ही चौघं धरणावर गेलो. कुसुमताई डाळिंबी साडी नेसून आल्या होत्या. वसंतरावांनी बघितलं, खिशातला मीटर काढला आणि तो एका दगडासमोर धरला. मग रीळ भरलं. कुसुमताईंनी पदर सारखा केला. वसंतरावांनी चाप दाबला. वाया जाणारी गेली. फिल्म पुढे ओढली, चावी फिरते का ते नीट बघितलं आणि पुन्हा चाप दाबला. तीही गेली.

आता कॅमेऱ्याच्या काउंटरवर एकचा आकडा आला होता, म्हणजे खरी पहिली फ्रेम. समोर पाण्यावर उजेड असा काही उतरत होता की माझ्यासारख्यालाही कळत होतं. कुसुमताई सवयीने जेवणाच्या डब्याकडे निघाल्या.

"कुसुम," वसंतराव म्हणाले, "थांब तिथेच."