धूर सांगणारी बैलगाडी

शेवगावात माझ्या शेजारी लाकडी खेळणी करणारे भानुदासअण्णा राहतात. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, अण्णा खेळणं देण्याआधी ते कानाशी धरतात आणि विचारतात, "बोल बाई, किती धूर केलास?"

आणि खेळणं बोलतं. बाईच्या आवाजात.

"चिकटवायचा सरस उकळाया चूल पेटवली, त्येचा धूर. लाकूड टेम्पोतनं आलं, त्येचा धूर. रंगवताना ह्यांनी दोन बिड्या वडल्या, त्योबी धरा."

अण्णांच्या मिशा एवढ्या दाट, की खाली ओठ हलतात की नाही हे ब्रह्मदेवालाही कळू नये. शाळेतली नोकरी धरून मी इथं भाड्यानं राहायला आलो, तेव्हा पहिल्यांदा हे ऐकून खूप हसलो. मग घरी येऊन भरदुपारी दाराला कडी घातली.

हा उपद्व्याप सुरू झाला तो पुण्याच्या एका व्यापाऱ्यामुळे. परदेशातल्या गिऱ्हाइकांना म्हणे आता प्रत्येक खेळण्यापायी किती धूर झाला ते कळायला हवं, काही लपवायचं नाही. बाकीच्या कारागिरांनी 'आमच्याकडे धूरच होत नाही' म्हणून हात झटकले. अण्णा भडकले. "मंग सरस काय उन्हात शिजला? खरं सांगायचं! आन ज्येनं सोसलं त्येनंच सांगायचं!"

एकदा माझ्या घरमालकीण कौसाबाई नातीसाठी बैलगाडी घ्यायला माझ्याबरोबर आल्या. गाडी बोलू लागली तशी म्हातारीनं ती माझ्या हातात कोंबली. बाहेर आल्यावर कुजबुजली, "गुरुजी, ह्यो तर सिंधूचा आवाज. अण्णाची बायकू. खेळनी तीच रंगवायची. जाऊन लई दिस झालं तिला."

हातातली ती एवढीशी गाडी मला घरापर्यंत नेववेना.

मागच्या महिन्यात व्यापाऱ्यानं छापील स्टिकर आणले. त्यावर मोबाईल धरला की सगळ्या धुराचा हिशेब दिसतो. ऑर्डर मोठी होती आणि अट एकच: स्टिकर लावायचा, हे बोलणंबिलणं बंद.

अण्णांनी एक स्टिकर उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "मंग तिनं काय करायचं, शेठ?"

व्यापाऱ्याला वाटलं, कामाला कुणी बाई ठेवली असेल. "दुसरं काम द्या तिला," तो म्हणाला.

अण्णांनी स्टिकर लावले. ऑर्डर गेली आणि शेजार एकदम सुना झाला. अण्णांकडे चूलही पेटेना. मला राहवलं नाही. दिवेलागणीला वाटीत पिठलं घेऊन गेलो. अण्णा पाठमोरे बसले होते, मांडीवर बिनस्टिकरची एक बैलगाडी.

"चूल का न्हाई पेटवली?" तोच आवाज.

"धूर हुतो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला.

"होऊंद्या. त्यो मी कुनाला सांगत न्हाई. भाकरी टाका."

अण्णा अजून घटाघटा पाणीच पीत होते.

मी वाटी उंबऱ्यावर ठेवून घाईघाईनं परत आलो. थोड्या वेळानं त्यांच्या पत्र्यावरून धूर निघाला, आणि तो बघून मला फार बरं वाटलं.