वटवाघळांचं सोवळं

नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावात, वैद्यकाकूंच्या गॅरेजमध्ये दोरीवर एक निळी डांगरी आणि हातमोजे कायम वाळत असतात. एकदा सायकल ठेवताना माझी बाही डांगरीला लागली. "शिवलास? झालं. आता परत धुवायला हवी," काकू म्हणाल्या. मला वाटलं, पूजेचं सोवळं असेल. पण काकू देवाला हात जोडतात ते फक्त मंडळाच्या गणपतीत, तेही प्रसादाच्या रांगेतून. हे सोवळं वटवाघळांचं होतं.

हिवाळ्यात इथली वटवाघळं जुन्या तळघरांत उलटी लटकून झोपतात. परवानगी असलेले स्वयंसेवक हळूच आत जाऊन त्यांची मोजदाद करतात. वैद्यकाका गेल्यापासून काकू त्यांच्यात आहेत. आता एक बुरशी आहे, ती झोपलेल्या वटवाघळाच्या नाकावर पांढरी उगवते. मग ते सारखं जागं होतं, अंगातली चरबी संपते आणि थंडी सरायच्या आत ते उपाशी मरतं. अमेरिकेत अशी असंख्य मेली. इथल्यांना ती सोसते, पण तिची एखादी नवी जात कुणाच्या बुटांवरून कुठे पोचेल, सांगता येत नाही. हे ऐकून दुसरं कुणी नुसतं हळहळलं असतं. काकूंनी एका तळघरातले कपडे दुसऱ्याला वर्ज्य केले. सासूबाईंच्या सोवळ्याला कंटाळून आपण नवऱ्यामागे आइंडहोवनला आलो, असं त्या स्वतःच सांगतात.

यंदा त्यांनी मला टॉर्च धरायला नेलं. गटाचा प्रमुख यान दुसऱ्या तळघरातून थेट आला, बुटांच्या चिखलासकट. काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"यान, बूट."

"झटकलेत की. आणि बुरशी इथे आधीपासून आहेच."

"ती जुनी. नवी तू आणू नकोस."

"पुढच्या वर्षी तुम्हाला बोलवायचं की नाही, याचा विचार करावा लागेल मला."

"कर. बूट काढून कर."

काकूंनी पिशवीतून धुतलेले गमबूट काढले, काकांचे. यानने ते कसेबसे चढवले आणि सगळी मोजणी लंगडत केली. आत सगळ्या वटवाघळांची नाकं स्वच्छ होती. काकू प्रत्येकाकडे वाकून बघत होत्या, श्वास रोखून.

परतताना गाडीत मी म्हणालो, "काकू, जरा अतीच झालं. काढून टाकतील तुम्हाला."

त्या समोर बघत गाडी चालवत राहिल्या. "यांची केमो चालू होती ना, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, कुणाला आत घेऊ नका. पण सगळी आपलीच माणसं. कुणी डबा आणायचं, कुणी फुलझाडाची कुंडी. मला भीड पडायची. या, बसा म्हणायचे, चहा टाकायचे. मग यांच्या फुप्फुसात बुरशी झाली. कुणामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, पण त्यांनी मान हलवली.

"मला ‘नाही’ म्हणायला फार उशिरा यायला लागलं रे."