शेंदऱ्या पाईपमध्ये अडकतो

मुकादमांच्या घरात आठ दिवस अबोला होता. मुकादमांनी फोनवर लेकीला हळूच सांगितलं होतं, "तुझी आई हल्ली विसरायला लागलीय गं." आई स्वयंपाकघरात होती आणि तिचे कान चांगले शाबूत होते. तेव्हापासून घरातलं सगळं बोलणं हवेशी सुरू झालं. "कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर आहे." "कुणाचा तरी चष्मा बाथरूममध्ये राहिलाय." मुकादम अगदी कासावीस झाले होते. बायकोशी दोन शब्द भांडल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

त्यात माशाच्या टाकीतलं पाणी गढूळलं. लेक सासरी जाताना काचेची टाकी, शेंदऱ्या नावाचा तिचा लाडका मासा आणि पाणी काढायचा पारदर्शक पाईप आई-बाबांवर सोपवून गेली होती. "बाबा, चौथा हिस्साच पाणी काढायचं. आणि पाईपच्या तोंडाची जाळी काढायची नाही," असं तिने बजावलं होतं. पण मुकादम पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. अर्ध्या शहराला पाणी पाजलेला माणूस बोटभर पाईपचं काय ऐकणार? जाळीमुळे पाणी सावकाश येतं म्हणून त्यांनी ती उपटून बाजूला ठेवली. टाकीखाली रिकामी बादली मांडली आणि ते फडकं आणायला गेले.

बायकोने हॉलमध्ये बादली पाहिली. फरशी पुसायचीच होती. एरवी तिने विचारलं असतं, पण हवेला काय विचारणार? तिने बादलीत फिनेल ओतलं आणि पोछा आणायला वळली. मुकादम परत आले, पाईपचं एक टोक टाकीत बुडवलं, दुसऱ्या टोकाने तोंडाने पाणी ओढलं आणि ते टोक बादलीवर धरलं. पाणी धो धो सुरू झालं.

"बादलीत फिनेल कुणी ओतलं?" त्यांनी हवेला विचारलं.

"बादली मध्येच कुणी ठेवली?" हवेने उत्तर दिलं.

तेवढ्यात शेंदऱ्याची शेपटी पाईपमध्ये ओढली गेली आणि शेपटीपाठोपाठ शेंदऱ्याही.

"अगं, हे टोक धर! अंगठा लाव! अंगठा!" मुकादम ओरडले.

बायकोने झेप घेऊन टोक पकडलं आणि अंगठा दाबला. शेंदऱ्या पोट अडकून पाईपच्या मध्यावर थांबला होता. नाहीतर थेट फिनेलमध्येच गेला असता.

"सोडू नकोस हं!"

"नाही सोडत. की तेही विसरेन मी?"

मुकादमांनी ते गिळलं. "हा एवढा फुगला कसा पण?"

"मला काय माहीत! मी सकाळी एकच चिमूट घालते."

"तू घालतेस? सकाळी तर मी घालतो!"

दोघांनी शेंदऱ्याच्या पोटाकडे पाहिलं. शेंदऱ्या आठ दिवस दोन-दोन न्याहाऱ्या करत होता. पाणी का गढूळलं तेही कळलं.

"आता काय करायचं? पाईप कापू?" मुकादमांना खरंच काही सुचत नव्हतं. लेकीला काय तोंड दाखवणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"कापताय काय! पोरीने सांगितलं नव्हतं का, हे टोक टाकीहून उंच नेलं की पाणी उलटं जातं? स्टूल सरकवा इकडे."

पायाने स्टूल सरकवण्यात आलं. अंगठा न हलवता ती वर चढली. मुकादमांनी एका हाताने पाईप आणि एका हाताने स्टूल धरलं. तिने अंगठा सोडला. पाणी सरकलं, शेंदऱ्या डोकं पुढे करून टाकीत पडला आणि दगडामागे जाऊन बसला.

"चुकलं माझं," मुकादम म्हणाले, या वेळी हवेला नाही. "तुला सगळं लक्षात असतं."

"मला नका सांगू. जिला सांगितलंत तिला सांगा. तोवर मी खाली उतरत नाही."

मुकादमांनी स्पीकरवर फोन लावला आणि झाला प्रकार कबूल केला. लेक पोट धरून हसली.

"बरं झालं बाबा! परवा आईचा रडत फोन आला होता. म्हणे, बाबा विसरायला लागलेत, मी माशाला घातल्यावर पुन्हा खाऊ घालत असावेत, खाण्याचा डबा निम्मा झालाय. कुणाला सांगू नको म्हणाली."

मुकादमांनी वर पाहिलं. बायको छताकडे बघत म्हणाली, "जळमटं किती झालीत!"

आता रुसायचा हक्क मुकादमांचा होता. पण ती स्टुलावर होती, तिचे गुडघे दुखरे होते. त्यांनी हात पुढे केला. "रडलीस कशाला?"

"घाबरले हो," हात धरून उतरताना ती म्हणाली.

"मीसुद्धा घाबरूनच तिला सांगितलं गं."

ती खाली उतरली तरी कुणीच हात सोडला नाही.

"मी ठेवू का फोन?" लेकीने विचारलं.