कवळीकार बाईसाहेबांनी केकावर केलेल्या तीन स्वाऱ्यांची हकीकत

थोरल्या भगिनीसाहेबांचे सेवेसी कळविण्यास कारण ऐसे की, आपण फोनावरून पुसिले, केक कैसा जाहला ते एका शब्दात सांग. तर तो एक शब्द बाईसाहेबांच्या जिभेवर तयार होता, परंतु वडीलधाऱ्या बहिणीसमोर उच्चारण्याजोगा नव्हता, सबब सारा मजकूर मुळापासून, काही न फुगविता, येथे लिहिला आहे. फुगणे या मोहिमेत बहुत काळ कोणासच साधले नाही, मग बखरीनेच का फुगावे.

मुलूख म्हणाल तर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, खिडकीत कुंडी एक, तीही रिकामी. येथे कवळीकार बाईसाहेबांचा अंमल. बाईसाहेब दातांच्या कारखान्यात वीस वर्षे कवळ्या घडवीत आल्या, आणि कसबाची कीर्ती ऐसी की, ज्यांनी वर्षानुवर्षे पातळ गिळून दिवस काढिले ते त्यांची कवळी लावून भर सभेत सफरचंद फोडीत. या कसबाचे मर्म एकच होते. तोंडाच्या ठशात प्लास्टर ओतावे, तेव्हा आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. बुडबुडा राहिला की साचा खोटा, साचा खोटा की कवळी टोचणार, आणि कवळी टोचली की गिऱ्हाईक बोळक्या तोंडाने शिव्या देत दारात हजर. म्हणोन बाईसाहेब प्लास्टर जोर लावून घोटीत, आणि मग साचा टेबलावर ठकठक आपटीत, शेवटचा बुडबुडा वर येऊन फुटेतो आपटीत. हात ऐसा बसला होता की घरी चहात साखर ढवळली तरी कप दोन वेळा आपटल्यावाचून त्या ओठास लावीत ना.

बाईसाहेबांस कन्यारत्न एक, त्यांस धाकट्या सरकार म्हणत, वय वर्षे दहा पुरी होण्यास पंधरा दिवस कमी. मूळ स्वभाव लढवय्या. मोज्यांवरून लढाई, वेणीवरून लढाई, आणि दुधावरच्या सायीवरून तर एकदा तीन दिवस वेढा पडला होता. मग गेल्या साली बाईसाहेबांचे आणि त्यांच्या यजमानांचे पटेनासे जाहले, आणि बहुत बोलाचाली, दारे लावणे, ताटावरून उठणे होऊन, यजमान आपला सरंजाम दोन बॅगांत भरून शहराच्या दुसऱ्या टोकास राहावयास गेले, आणि धाकट्या सरकारांचे वार उभयतांनी वाटून घेतले. दोष कोणाचा हे बखरकार लिहीत नाही. दोन्हीकडचे चहापाणी घेतले आहे.

आणि त्या दिवसापासून धाकट्या सरकारांनी शस्त्रे खाली ठेविली. मोजे द्याल ते घालू लागल्या, दूध सायीसकट पिऊ लागल्या, आणि हरएक गोष्टीस ‘हो आई’, ‘बरं आई’, ‘काही नको आई’ ऐसा जबाब येऊ लागला. आठ महिने राज्यात एक भांडण म्हणोन नाही. शेजारीपाजारी म्हणत, पोरगी किती शहाणी जाहली हो. आपली पोर कोठे गेली आणि तिच्या जागी ही पाहुणी कोण राहावयास आली, ऐसे ते ऐकून बाईसाहेबांस वाटे, आणि कवळी घासता घासता डोळ्यांस पाणी येई, ते प्लास्टरच्या धुळीने आले म्हणोन त्या कारखान्यात सांगत. कारखान्यात कोणी विश्वास ठेवीत ना, परंतु रुमाल मात्र सर्व जण देत.

ऐशा समयी वाढदिवस जवळ आला. पूर्वी केक करणे हे खाते यजमानांकडे होते, आणि त्यांच्या हातचा केक उत्तम होई, हे शत्रूनेही मान्य करावे. तेव्हा यजमानांचा खलिता फोनावर येऊन पोचला की, केक मी करून पाठवितो. बाईसाहेबांनी त्याच फोनावर उलट जबाब धाडिला की, गरज नाही, या घरात हात आहेत. जबाब गेला, आणि मग बाईसाहेबांस स्मरले की आपण उभ्या जन्मात केक केला नाही. धाकट्या सरकारांस पुसिले, तर त्या गृहपाठाच्या वहीतून मान वर न करता बोलिल्या, केक नसला तरी चालेल. या ‘चालेल’ने बाईसाहेब मुळापासून हलल्या. जी पोर मेणबत्त्यांच्या रंगावरून रणकंदन करीत असे तीस केकावाचून चालते! त्याच क्षणी बाईसाहेबांनी मनाशी शपथ घेतली की, केक मीच करणार, आणि ऐसा करणार की पोरीच्या तोंडून मनापासूनचा एक शब्द बाहेर पडेल, मग तो कोणता का असेना.

पहिली स्वारी शनिवारी दुपारी निघाली. मैदा, लोणी, साखर, बेकिंग पावडर, अंडी सहा, ऐसी रसद ओट्यावर जमा जाहली, आणि ओव्हन नामे तोफखाना डागून सज्ज केला. बाईसाहेबांनी मिश्रण घोटिले, ते प्लास्टर घोटतात तैसे, दात ओठ खाऊन घोटिले, आणि वरती बुडबुडे दिसताच त्यांचे डोळे लाल जाहले, मग भांडे ओट्यावर आपटिले, पन्नास वेळा आपटिले, आणि गनिमाचा एकही बुडबुडा जिवंत ठेविला नाही. चाळीस मिनिटांनी दार उघडिले तो आत केकाचे ठिकाणी एक तबकडी निघाली. रंग विटेचा, उंची बोटभर. सुरीस दाद दिली नाही. धाकट्या सरकारांनी एक तुकडा मागून घेतला, पाच मिनिटे चावून गिळिला, ‘छान आहे, आई’ म्हणाल्या, आणि बशी विसळून जागेवर ठेविली. केक फसल्याचे दुःख बाईसाहेबांस थोडके, परंतु त्या विसळलेल्या बशीचे दुःख फार जाहले.

उरलेली तबकडी सोमवारी कारखान्यात गेली. तेथील वस्ताद, ज्यांच्या हाताखाली बाईसाहेब शिकल्या, त्यांनी नव्या कवळीची परीक्षा घ्यावी म्हणोन कवळी हातात धरून तबकडीवर दाबिली. तबकडी तैसीच राहिली, आणि कवळीची एक दाढ टेबलाखाली गेली. वस्तादांनी हुकूम केला की, हा माल कारखान्यात पुन्हा आणू नये, आणि आणणे भाग पडल्यास दातांपासून दूर ठेवावा. सारे हसू लागले, आणि बाईसाहेबही हसल्या, आठ महिन्यांत प्रथमच पोट धरून हसल्या, आणि हसता हसता मनात आले की हे हसू घरी कैसे न्यावे.

दुसरी स्वारी पुढल्या शनिवारी. पराभवाचे कारण काय, याची मसलत होऊन दोष बेकिंग पावडरीवर ठेविला, आणि ती चौपट घातली. मग बुडबुडेही चौपट उठले, सबब आपटणेही चौपट करावे लागिले. या वेळी केक ओव्हनात एकाएकी उठला, डब्याच्या काठावरून बाहेर डोकावला, आणि बाईसाहेब ‘अगं ये, बघ बघ’ म्हणोन हाका मारीत असताच जैसा उठला तैसाच मटकन खाली बसला, काठ करपला आणि मधोमध कच्चा राहिला. धाकट्या सरकारांनी चमच्याने मधले थोडे चाखिले, पुन्हा ‘छान आहे, आई’ ऐसेच बोलिल्या, आणि चमचा विसळून ठेविला. बाईसाहेबांनी अंड्यांस, ओव्हनास आणि पाककृती लिहिणाऱ्या अज्ञात इसमास यथेच्छ बोल लाविले. आपल्या हातास लाविले नाहीत. वीस वर्षांच्या हातावर कोण संशय घेतो?

मग वाढदिवसाचा दिवस उगवला. पाच वाजता मैत्रिणी चार येणार, आणि अकराच्या सुमारास तिसऱ्या स्वारीचे मिश्रण डब्यात पडले. धाकट्या सरकार दारात उभ्या होत्या. बाईसाहेबांनी डबा दोन्ही हातांनी उचलिला आणि ठक, ठक, ठक, ऐसा मारा सुरू केला. अकरावा टोला पडताच ऐसे घडिले की जे आठ महिने घडिले नव्हते. येथून पुढे उभयतांचे बोलणे जसेच्या तसे लिहिणे भाग आहे, त्यास दरबारी पोशाख चढविता येत नाही.

“आई! आपटू नकोस ना त्याला!”

“अगं, बुडबुडे काढतेय.”

“बुडबुडेच तर लागतात! त्यांनीच फुगतो तो! बाबा कधीच आपटायचे नाहीत!”

‘बाबा’ हा शब्द त्या स्वयंपाकघरात आठ महिन्यांत कोणी काढिला नव्हता. तो पडला आणि बाईसाहेबांचा हात थांबला, आणि मग ज्या अस्त्राचा प्रयोग कोणत्याही आईने करू नये ते त्यांनी सोडिले.

“मग बाबांकडूनच करून घ्यायचा होतास!”

“तूच नको म्हणालीस त्यांना! मला विचारलंस तरी का?”

“विचारलं की! तू म्हणालीस चालेल!”

“नाही चालत! काहीच चालत नाही मला! दे तो डबा इकडे!”

आणि धाकट्या सरकारांनी डब्यास हात घातिला. बाईसाहेब सोडीत ना. इकडून ओढ, तिकडून ओढ, मिश्रण काठाशी हिंदकळू लागिले, आणि त्या ओढाताणीत पोरीच्या तोंडून ते निघाले जे आठ महिने आत कोंडिले होते.

“तुम्ही भांडलात आणि बाबा गेले! मी भांडले आणि तू पण गेलीस तर?”

बाईसाहेबांच्या हातून डबा सुटला, आणि पोर सारा जोर लावून ओढीत होती म्हणोन तो तिच्या हातातून डोक्यावरून वर गेला, आणि सहा अंडी, पाव किलो मैदा ऐसी सारी फौज छतास भिडली. थोडी फौज धाकट्या सरकारांच्या केसांत उतरली, थोडी घड्याळावर. आणि छतावरून एक मोठा गोळा सावकाश सुटून बाईसाहेबांच्या नाकावर येऊन बसला.

बाईसाहेबांनी नाक पुसिले नाही. त्या फरशीवर बसल्या, पोरीस ओढून मांडीवर घेतिले, मैदा आणि केस आणि सर्व, आणि बोलिल्या:

“मी कुठे जाणार गं? हे छत कोण पुसणार?”

धाकट्या सरकारांनी वर पाहिले, मग आईच्या नाकाकडे पाहिले, आणि प्रथम हुंदका की हसू ते कळेना, आणि मग हसूच ठरले. दोघी हसल्या, डोळे पुसावे तो हातास लोणी, म्हणोन अधिकच हसल्या. भांड, बाळा, वाटेल तितकं भांड, बाबांशी भांड, माझ्याशी भांड, मी इथेच आहे, ऐसे बाईसाहेबांनी तीन तीनदा सांगितले. आणि बाबांना केक करू दिला नाही तो माझा गर्व होता, चूक जाहली, हेही सांगितले. कबुलीजबाबाचे कलम कोणी मागितले नव्हते, आपखुषीने दिले.

इतक्यात खालच्या मजल्यावरील शिवणकाम करणाऱ्या मावशी हातात कात्री घेऊन धापा टाकीत वर आल्या. आठ महिने वरून आवाज नाही, आणि आज एकाएकी ओरडा, तेव्हा चोर शिरले ऐसा त्यांचा समज जाहला. त्यांनी छत पाहिले, मायलेकी पाहिल्या, कात्री पिशवीत घातिली, आणि काही न पुसता खाली जाऊन आपल्या घरची चार अंडी आणोन दिली. कुमक ऐसी असावी.

मग चौथ्या वेळेस घोटणे धाकट्या सरकारांनी आपल्या हाती घेतिले. फर्मान निघाले की, आईने हात मागे बांधून उभे राहावे, डब्यास स्पर्श करू नये. बाईसाहेब हात मागे धरून उभ्या, डोळ्यांदेखत बुडबुडे वर येत होते, आणि एकेका बुडबुड्यागणिक त्यांचा जीव कासावीस होत होता, आणि त्यांनी ते सोसिले. केक फुगला. डाव्या अंगास अधिक फुगला, उजवी बाजू करपली, आणि मेणबत्त्या लाविल्या तो सर्व एका बाजूस कलल्या. मैत्रिणी चौघींनी तो संपविला. धाकट्या सरकारांनी तोंडात घास असताच निकाल दिला:

“कडेला करपलाय. बाबांचा जास्त छान होतो.”

“मग दुसरा तुकडा घेऊ नकोस.”

“घेणार!”

आणि घेतिला, आणि बशी तैसीच टेबलावर टाकून खेळावयास गेल्या.

दुसरे दिवशी सकाळी शाळेची वेळ टळत आली असता मोज्यांवरून युद्ध पेटले. निळे की पांढरे हा वाद वाढत वाढत वेणीपर्यंत गेला, वेणीवरून सायीवर गेला, आणि धाकट्या सरकारांनी आपल्या खोलीत शिरून दार ऐसे धाडकन लाविले की छतावरचा उरलासुरला मैदा खाली आला. बाईसाहेब दाराबाहेर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि ‘दार उघड, मी मोजतेय हं, एक, दोन,’ ऐसे गर्जत राहिल्या. आवाजात जरब पुरेपूर होती. तोंडावर हसू इतके होते की ते दाबण्यास त्यांनी ओढणीचे टोक दातांत धरिले, आणि तीनवर पोचण्याची त्यांस यत्किंचित घाई नव्हती.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हाती काय आले म्हणोन विचाराल तर केक अर्धा करपलेला, छत रंगवावे लागणार, घड्याळ बंद, आणि भांडण एक, सबंध, जिवंत, जैसे होते तैसे परत. थोरल्या भगिनीसाहेबांनी याची नोंद घ्यावी, आणि येताना निळे मोजे आणावे. पांढरे आणू नयेत, ऐसी दाराआडून सक्त ताकीद आहे.