थोरल्या धन्यांची पेटी बदलली ती हकीकत

श्रीगजवदन समर्थ. गेला क्षण मागे फिरविणे ज्याचे एकट्याचे हाती, त्या काळपुरुषास नमन करून हकीकत लिहिली जाते ऐसी जे, शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सरी, आश्विन शुद्ध पंचमीस राज्यावर मोठे संकट आले. थोरले धनी कैलासवासी होऊन तीन वर्षे जाहली होती. त्यांणी हयातीत एक वेळ टीव्हीवर येऊन आंब्याचे कलम कैसे बांधावे ते सांगितले होते, आणि ते बोलणे रेकॉर्डरचे पेटीत साठविले होते, आणि त्यांचे कुटुंब आऊसाहेब नित्य आरती जाहलियावर ते पाहोन मगच अन्न घेत. परंतु पेटी म्हातारी जाहली, तापू लागली, धनी बोलता बोलता अडखळू लागले. मग आऊसाहेबांनी कारभारी गिर्माजीपंतांस बोलावून आज्ञा केली, "पंत, नवी पेटी आणा. जपून आणा. धन्यांचा आवाज दुसरीकडे कोठे नाही." पंतांनी शत्रूस कधी पाठ दाखविली नव्हती, मात्र रिमोट दिसताच ते दोन पावले मागे सरत.

मग पंत मोडीत द्यावयाची जुनी पेटी घेऊन बाजारी गेले आणि फत्तेचंद शेट दुकानदार यांणी पेट्यांची फौज मांडिली. एक पेटी दोन वाहिन्या एकदम धरी, दुसरी पाचशे तास साठवी. पंतांनी तास विचारले, तारा विचारल्या, वीज गेली तर काय तेही विचारिले. जे विचारावयाचे तेवढेच राहिले. मग थोरली पेटी पसंत केली. शेटनी जुनीतील कार्ड काढोन नवीत घातले, तेव्हा सर्व ऐवज त्याबरोबर गेला ऐसे पंत समजले. राज्याचा शिरस्ता ऐसा की, जुने भांडे मोडीत देणे तर घासून द्यावे, धन्याचे उष्टे परक्या घरी जाऊ नये. शेट बोलिले, "पंत, जुनीतलं सगळं पुसायचं का?" पंत बोलिले, "ते काम आमचे," आणि स्वहस्ते होय दाबिले. खात्रीस्तव दोन वेळा दाबिले.

मग महाली येऊन नवी पेटी जोडिली, यादी उघडिली, तो कोरी! पंतांची पाचावर धारण बसली. देवघरात आरती चालली होती. पंत अनवाणी बाजारी धावले. शेट बोलिले, "अहो, कार्डात नुसत्या वाहिन्या असतात. बाकीचं पेटीतच होतं, ते तुम्हीच पुसलंत. आता ब्रह्मदेव आला तरी येत नाही." मग पंत जुनी पेटी पोटाशी धरोन परतले, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, ऐसे पावलोपावली वाटले. दारी आऊसाहेब उभ्या होत्या.

"जुनी परत आणिली?"

पंतांनी खाली पाहोन मान डोलविली.

"बरे केले. धनी तिच्यातच बरे. पण ही आता एखादे वेळचीच सोबती. रोज लावून संपवू नका. माझा शेवटचा दिवस येईल तेव्हा लावा, तेवढे ऐकून जाईन. लावाल ना, पंत?"

"जी आज्ञा," ऐसे पंत बोलिले.

तात्पर्य, पेटी बदलली, नवी उत्तम चालते. आऊसाहेबांस साधी शिंक आली तरी पंत वैद्य आणवितात, उशाशी बसतात, नवस बोलतात. आऊसाहेब म्हणतात, ऐसा जीव लावणारा चाकर राज्यात दुसरा नाही.