चार बोटं जागा

पेट्रोलचे कॅन घरात ठेवावेत की बाहेर, एवढाच काय तो प्रश्न होता. अकिनोला सरांनी तो पाच मिनिटांत सोडवला. पश्चात्ताप मात्र अजून पुरतोय.

लागोस शहरापासून लांब, इलेशा गावात सरांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. देशाच्या दक्षिणेला तेल कुठल्या खडकात आणि किती खोल सापडतं, हे ते रंगीत खडूंनी फळ्यावर असं काढून दाखवत की पहिल्या बाकावरची मुलं नाक पुढे करत. पण तेच तेल कॅनमधून जनरेटरच्या टाकीत कसं जातं, हा धडा त्यांच्या पुस्तकात नव्हता. (घरातही नव्हता. संध्याकाळी सातला दिवे लागायचे, जसा साडेसहाला सूर्य मावळायचा. सूर्य कोण मावळवतं, असं कुणी विचारतं का?) सर आपल्या खुर्चीत बातम्यांची वाट बघत बसलेले असायचे. त्यांची बायको फेहिंतोला मागून यायची, भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेली टोपी काढून त्यांच्या मांडीवर ठेवायची, आणि सगळं घर उजळायचं. असा एकूण बावीस वर्षांचा सुखाचा संसार.

फेहिंतोला गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. वर्षभरात सरांनी जनरेटरला हात लावला नव्हता. लोकांना सांगताना ते म्हणायचे की एकट्या माणसाला उजेड कशाला हवा. पण वर्षस्मरणाला चर्चमध्ये उपासना, मग घरी दोनशे माणसांचं जेवण, पंखे, थंड पेयांचं कपाट; त्याला जनरेटर हवाच. त्यात गावात बातमी पसरली की टँकरवाले संपावर जाणार. अशी बातमी खरी असो वा खोटी, ती ऐकताच जो रांगेत उभा राहत नाही त्याला त्या देशात जगता येत नाही.

सर घडीची खुर्ची घेऊन रांगेत गेले. सहा तासांनी नंबर लागला. शेंगदाणा तेलाचे रिकामे पिवळे कॅन, पंचवीस लिटरचे, चार. पंपावरच्या बाईने पहिला कॅन भरला आणि तोंडाच्या जरा खाली नळी थांबवली.

"थांबलीस का? काठोकाठ भर," सर म्हणाले.

"बाबा, वर चार बोटं जागा लागते."

हे वाक्य सरांनी आधी घरी ऐकलं होतं. पण घरी ऐकलेलं वाक्य पंपावर आठवत नाही, असा नवऱ्यांच्या बाबतीत निसर्गाचा नियम आहे. "मी जागेचे पैसे दिलेले नाहीत, पेट्रोलचे दिलेत," ते म्हणाले. मागच्या रांगेने सरांची बाजू घेतली, कारण वाद मिटल्याशिवाय रांग पुढे सरकणार नव्हती. बाईने खांदे उडवून चारही कॅन गळ्यापर्यंत भरले. सरांनी तोंडावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवून झाकणं पिळून बसवली आणि विजयी मुद्रेने घरी आणले.

मागच्या भिंतीला लागून फेहिंतोलाने पेट्रोलसाठी एक पत्र्याची टपरी करून घेतली होती. घरापासून लांब, सावलीत, वारा खेळावा म्हणून भोकं पाडलेली. तिचे नियम साधे होते. पेट्रोल उंबरठ्याच्या आत येणार नाही, आणि कॅनला वर मोकळी जागा हवी, कारण उकाड्यात ते फुगतं. सर त्या टपरीला पेट्रोलसाहेबांचा बंगला म्हणायचे. आज त्या बंगल्याकडे बघताना त्यांना आठवलं की मागच्या संपाच्या दिवसांत पलीकडच्या गल्लीतून दोन कॅन चोरीला गेले होते. मौल्यवान वस्तू कुलपात ठेवतात. घरात कुलपाची खोली एकच होती, पेट्यांची. सरांनी चारही कॅन एकेक करून तिथे नेले. तो सोमवार होता.

आता त्या खोलीबद्दल सांगायला हवं. तिची किल्ली सरांच्या कमरेला असे आणि खिडकी वर्षभर बंद. मुलगी मोरेनिके लागोसहून आली की म्हणायची, बाबा, निदान हवा तरी येऊ दे. सर म्हणायचे, धूळ येते. खरं कारण असं होतं की तिथल्या पत्र्याच्या पेटीत फेहिंतोलाचं डोक्याला बांधायचं निळं सुती कापड होतं, रोजचं, न धुतलेलं, आणि त्याला तिच्या पावडरीचा वास होता. दर रविवारी सर पेटी उघडून एकदा वास घेत आणि लगेच झाकण लावत. एकदाच. दुसऱ्यांदा घेतला तर संपेल, असा हिशेब. शास्त्र शिकलेला माणूस होता, वास उडतो हे त्याला ठाऊक होतं. फक्त वास येतोही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी मेव्हणी अबिके शिंप्याकडून गाठोडी घेऊन आली. अशा प्रसंगाला सगळं घराणं एकाच कापडाचे कपडे घालतं. बत्तीस माणसांचे जांभळे कपडे शिवून तयार होते. लवकर आलेले पाहुणे एकमेकांची मापं घालून बघतात आणि बटणं तोडतात, म्हणून ते कुलपात ठेवा, असं तिने सांगितलं. ती स्वतः आत जायला निघाली तेव्हा सरांनी दारात आडवा हात धरला आणि गाठोडी स्वतःच आत रचली. जागा नव्हती, म्हणून कॅनांवर फळी टाकली आणि फळीवर गाठोडी. (व्यवस्थितपणा हा सरांचा जुना गुण.) त्यांना वास आला नाही का? आला. पण सहा तासांच्या रांगेनंतर त्यांच्या नाकात पेट्रोलच वस्तीला आलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी कपडे काढायला सर कंदील घेऊन निघाले. काडेपेटी उघडली तर रिकामी. चिडचिड करत बॅटरी शोधली आणि बॅटरी घेऊन आत गेले. त्या रिकाम्या काडेपेटीला नंतर खरं म्हणजे हार घालायला हवा होता.

शनिवारी सकाळी बत्तीस माणसं जांभळी झाली. वास सगळ्यांना आला, पण टंचाईच्या दिवसांत सगळ्या गावालाच तो वास असतो. मोठ्या आत्याला वाटलं लागोसच्या काकांच्या बसचा असेल, काकांना वाटलं आत्याने स्टोव्ह सांडला असेल, आणि दोघंही एकमेकांपासून लांब बसली. तेवढं ती एरवीही बसत.

चर्चमध्ये दुसरं गीत सुरू असताना तिथले म्हातारे सेवक जोलाओशो नाक वर करून उठले, बाहेर गेले आणि चर्चचा जनरेटर बंद करून आले. पंखे थांबले, ध्वनिक्षेपक मेला, विजेवरची पेटी वाजवणाऱ्याची बोटं पट्ट्यांवर मुकीच नाचत राहिली. त्यांनी जनरेटर चारी बाजूंनी तपासला. कुठेही गळती नाही. त्यांनी तसं येऊन सांगितलं आणि लोक घामाघूम होऊन बिनवाद्याचे गाऊ लागले. मग घराण्याने नाचत नाचत दानपेटीपुढे यायची वेळ झाली. बत्तीस माणसं मधल्या वाटेने डुलत पुढे निघाली आणि वासही डुलत पुढे निघाला. गायकांची पहिली रांग एक पाऊल मागे सरकली. मग दुसरी.

वेदीजवळच्या मेजावर फेहिंतोलाचा फोटो होता. त्यापुढे मोठी मेणबत्ती, जी नवऱ्याने लावायची असते. वर्षभर सरांनी या एका क्षणाची वाट पाहिली होती. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ते तिच्यासाठी फळं आणायला गेले आणि परत आले तेव्हा उशीर झाला होता; निदान दिवा तरी आपल्या हाताने लावावा, एवढंच मागणं होतं. त्यांनी खिशातून नवी काडेपेटी काढली. पाद्री ओशिनोवो यांनी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सर, काडी ओढू नका."

"का?"

"आधी हे कपडे कुठे ठेवले होते ते सांगा."

काडेपेटी खिशात ठेवून सर वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखे ताठ झाले. मग त्यांनी उत्तर दिलं, आणि ते पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला ध्वनिक्षेपकाची गरज पडली नाही. फोटोतली फेहिंतोला होती तशीच बघत होती. म्हणजे, तुम्हाला सांगून ठेवलं होतं, असं.

शेवटी मेणबत्ती लावली शेजारच्या सईद सुताराने. तो मशिदीत जाणारा, शेजारधर्म म्हणून मागच्या बाकावर येऊन बसलेला. जांभळं न घातलेला घरच्यासारखा माणूस तेवढाच होता. मृत बाईच्या नवऱ्याला पंधरा हात लांब, दाराजवळ, वाऱ्याला उभं करण्यात आलं. तिथून त्याला ज्योत दिसली. लहान दिसली, पण दिसली.

अबिके मात्र तोवर घराकडे धावत सुटली होती. घराच्या अंगणात पहाटेपासून तीन चुली धडाडत होत्या, जोलॉफ भाताच्या. तिने त्या विझवून सईदच्या अंगणात मांडायला लावल्या, सगळ्यांना घराबाहेर काढलं आणि सर येताच त्यांच्या कमरेची किल्ली ओढून घेतली. चारही कॅनांचे तळ ओले होते, गळे ओले होते, फरशीवर चार ओली वर्तुळं होती. ती खिडकीकडे गेली.

"खिडकी नको," सर म्हणाले.

"भावोजी, वीस पावलांवर चुली होत्या. ही उघडी असती तर..." तिने खिडकी उघडली. वर्षभराची हवा एका झुळकीत बाहेर गेली.

जेवण सईदकडे झालं. आचारीण मामा रिसी (मामा म्हणजे तिकडे आई) जांभळ्या कपड्यातल्या कुणालाही विहिरीच्या अलीकडे येऊ देईना. लांब दांड्याचा डाव उगारून उभी होती. पाहुणे मांडवात जेवले आणि यजमान घराणं भिंतीकडेला ताटं हातात धरून. जेवण उत्तम झालं, असं सगळे म्हणाले. प्रसंग कायम लक्षात राहील, असंही म्हणाले.

रविवारी पाहुणे गेले. सरांनी पेटी उघडली आणि ठरल्याप्रमाणे एकदा वास घेतला. मग दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. आता जपून वापरण्यासारखं काही उरलं नव्हतं. पावडर नव्हती. पेट्रोल होतं. ते निळं कापड घेऊन सर मागच्या पायरीवर येऊन बसले. कॅन तोवर टपरीत गेले होते. अबिके भांडी आवरून आली आणि शेजारी बसली. सरांनी तिला सगळं सांगितलं: खिडकीचं, रविवारचं, हिशेबाचं. आपल्या हाताने तिला दुसऱ्यांदा घालवलं, असं म्हणाले.

अबिकेने कापड नाकाशी नेलं. बराच वेळ धरलं.

"ताईचाच वास आहे," ती म्हणाली.

"पेट्रोलचा आहे, अबिके."

"तेच म्हणतेय मी." तिने कापड मांडीवर पसरलं. "रोज दुपार कलली की ताई इथे यायची. इंजिन गार आहे का हात लावून बघायची, मग नरसाळं लावून ओतायची. हात ह्यालाच पुसायची. मग लिंबू चोळायची, आंघोळ करायची, पावडर लावायची. मी तर तिला पेट्रोलराणी म्हणायचे."

"मला कधी वास आला नाही."

"तुमच्यापर्यंत येईतो पावडरच उरायची, भावोजी."

 सरांनी विचारलं, "आणि मी काय करायचो तेव्हा?"

"तुम्ही आतून हाका मारायचात. लाईट कुठाय, बातम्या सुरू झाल्या."

सोमवारी दुपार कलली तेव्हा सर आंघोळ करून, साधा सदरा घालून मागे आले. अबिके पायरीवर उभं राहून शिकवत होती आणि सर शिकत होते. इंजिन गार आहे का बघा. कॅन जमिनीवर टेकवून उघडा. हळू ओता. टाकी भरत आली तेव्हा सरांनी स्वतःच हात थांबवला आणि वरच्या जागेत चार बोटं धरून बघितली. तेवढी होती. हात पुसायला ते काही शोधू लागले तेव्हा अबिकेने ते निळं कापड पुढे केलं. सरांनी पुसले. मग लिंबू चोळून धुतले.

सातला सरांनी दोरी ओढली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा इंजिन धडधडून जागं झालं. बावीस वर्षांत पहिल्यांदा हा आवाज त्यांनी बाहेरून ऐकला. ते ताठ उभे राहिले आणि घर उजळायची वाट बघू लागले. घर काळोखात तसंच.

आतून, त्यांच्या खुर्चीतून, अबिकेचा आवाज आला. "भावोजी, लाईट कुठाय? बातम्या सुरू झाल्या."

सरांनी जनरेटर तपासला, वायर चाचपली, मग आत जाऊन भिंतीवरून हात फिरवत वायरच्या मागे मागे गेले. वायर त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे एका लोखंडी खटक्याशी संपली. जनरेटरची वीज घरात घ्यायची, तर तो खटका वर करावा लागतो. बावीस वर्षं सर त्यालाच खुंटी समजत आले होते, आणि आत्ताही त्यावर त्यांची टोपी अडकवलेली होती.

फेहिंतोला ती रोज काढून मांडीवर ठेवायची. सरांना वाटायचं, लाडाने.